पुराआधीची यादी

शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात जुलै महिन्यात कुणाशीही बोलायला बसा, पहिल्या पाच मिनिटांत आकडे निघतात. राजारामला किती फूट? आयर्विनला किती? कोयनेतून किती सोडलं? कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, सांगलीच्या आयर्विन पुलावर 40 आणि 45. शाळकरी पोरांनाही हे पाठ असतं. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचं पाणी या एका तालुक्यात येतं. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की इथं ऊन पडलेलं असतानाही पाणी चढतं, म्हणून माणसं आभाळापेक्षा मोबाईलवरचे आकडे जास्त बघतात. नृसिंहवाडीला पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक स्नानाला गर्दी करतात. नदीचं घरापर्यंत येणं इथं कुणाला अनोळखी नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘पाणी’ हा विषय कळवला तेव्हा एक हिशेब माझ्या मनात बरेच दिवस घोळत होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून चार लाखांहून अधिक माणसांना घरं सोडावी लागली. महाराष्ट्रात दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला साधारण पंधरा बाळं जन्मतात. त्या दरानं चार लाखांत वर्षाला सहा हजार, महिन्याला पाचशे बाळंतपणं होतात. पाणी घरात होतं त्या पंधरवड्यात, ढोबळमानानं, अडीचशे जणींचे दिवस भरत होते आणि साडेचार हजारांच्या आसपास बायका गरोदर होत्या. पुराच्या बातम्यांत आपण बोटी पाहिल्या, छपरांवरची माणसं पाहिली, पाण्याखाली गेलेला पुणे-बंगळूर महामार्ग पाहिला. या अडीचशे जणी कुठं होत्या? त्यांची बाळं कुणी कोरडी केली, कशावर निजवली, त्यांना काय पाजलं?

ते बघायला मी आधी कृष्णाकाठी गेले आणि नंतर गडचिरोलीला. रस्ता बंद, डॉक्टर लांब आणि हातात फारसं काही नाही अशा वेळी तान्ह्या बाळाला कसं जगवायचं, हे गडचिरोलीनं महाराष्ट्रालाच काय, बाहेरच्या जगालाही शिकवलं आहे.

नववा महिना कुणाकुणाला

गावातलं उपकेंद्र दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत वजनकाटा, बीपीचं यंत्र, लसीकरणाचा तक्ता. आतल्या खोलीत तपासणीचं टेबल. मी गेले तेव्हा सिस्टर आणि गावातल्या आशा कार्यकर्त्या, म्हणजे आशाताई, रजिस्टर उघडून बसल्या होत्या. बोट एका ओळीवरून दुसरीकडे जात होतं: हिची तारीख कधीची, तिचं आधीचं सिझर, हिचं हिमोग्लोबिन आठच्या खाली, तिला जुळं. नोंदीत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेला सगळे ‘ईडीडी’च म्हणतात.

पाच हजार वस्तीच्या गावात वर्षाला पंचाहत्तर-ऐंशी बाळंतपणं होतात, महिन्याला सहा-सात. म्हणजे पुढच्या महिनाभरात ज्यांचे दिवस भरणार आहेत त्यांची यादी वहीच्या अर्ध्या पानात मावते. त्या अर्ध्या पानावर नाव, कितवं बाळंतपण, ईडीडी, जोखीम, घरापर्यंत गाडी येते का आणि उंचावरच्या गावात कुणी नातेवाईक आहे का, एवढं लिहिलेलं असेल तर पाणी इशारापातळीच्या खाली असतानाच त्या सहा-सात जणींना जयसिंगपूर, इचलकरंजी किंवा मिरजेच्या बाजूला पोचवता येतं. पाणी चढल्यावर हेच काम फार अवघड होतं. अंकलीजवळ सांगली-कोल्हापूर रस्ता बंद होतो, नृसिंहवाडीहून कुरुंदवाडला जाणारा रस्ता बंद होतो, आणि 108 ची रुग्णवाहिका पलीकडे उभी राहते.

जगभरात निर्वासितांच्या छावण्यांत काम करणाऱ्या संस्था पहिल्या दिवशी हाच हिशेब करतात. 1990 च्या दशकात, रवांडा आणि बोस्नियाच्या युद्धांनंतर, या संस्थांनी मिळून आणीबाणीत माता आणि नवजात बाळांसाठी कमीत कमी काय असायलाच हवं याचा एक संच ठरवला. त्यात एक ढोबळ नियम आहे. जिथं जन्मदर खूप जास्त आहे तिथं लोकसंख्येच्या 4 टक्के बायका कोणत्याही दिवशी गरोदर आहेत असं धरा, आणि त्यातल्या साधारण 15 टक्क्यांना काहीतरी गुंतागुंत होईल असं धरून तयारी ठेवा. तिथं यादी नसते म्हणून टक्केवारी लागते. आपल्याकडे प्रत्येकीचं नाव, घर आणि तारीख आधीपासून लिहिलेली असते. एवढी मोठी गोष्ट हाताशी असताना पूर आला की आपण ती वापरतो का, या एका प्रश्नावर बरंच काही अवलंबून आहे.

तरी यादीला एक भोक आहे, आणि ते मला आशाताईंनी दाखवलं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी माहेरी येते. तिची नोंद सासरच्या गावात, कधी पुण्याला, कधी सीमेपलीकडे बेळगावकडे. इथल्या रजिस्टरात ती नसते. उलट याच गावची सून माहेरी गेलेली असते आणि तिचं नाव मात्र इथं दिसत राहतं. संगणकावर भरलेली माहिती ऐन पुराच्या दिवसांत दोन्हीकडून चुकते. कुणाच्या घरी लेक आली आहे, कुणाच्या दारात दोन चपला जास्त दिसतात, हे आशाताईंना माहीत असतं. त्यांनी यादीच्या तळाशी पेन्सिलीनं अशी नावं वेगळी लिहून ठेवली होती. माझ्या मते त्या पानावरचा सगळ्यात मोलाचा मजकूर तोच.

गोठा सोडून कसं जायचं

यादी आहे, गाडी आहे, तरी बाई निघत नाही. इथं खरा पेच सुरू होतो.

कृष्णाकाठच्या घरात म्हैस म्हणजे रोजचा पैसा. 2019 मध्ये कित्येक कुटुंबं पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत थांबली, कारण जनावरं कुठं न्यायची हे ठरत नव्हतं. पुरुष गोठ्यासाठी मागे राहिला की त्याच्यासाठी बायको थांबते, सुनेसाठी सासू थांबते. जुन्या माणसांकडे 2005 च्या पुराचं माप होतं. तेव्हा पाणी अमुक पायरीपर्यंत आलं होतं, म्हणजे आताही तिथंच थांबेल, असा हिशेब. 2019 चं पाणी तो हिशेब मोडून वर गेलं. राजाराम बंधाऱ्यावर पातळी 55 फुटांच्या पुढे पोचली. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. बुडालेल्यांत बायका आणि लहान मुलं होती. शेवटच्या क्षणी, भरलेल्या बोटीतून, वाहत्या पाण्यातून बाहेर पडणं किती घातक असतं हे त्या गावानं सोसलं. गरोदर बाईला तर पोट सांभाळत बोटीच्या काठावरून आत पाय टाकणंही जड असतं.

2021 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी आणखी चढलं, पण माणसं लवकर निघाली. आता पावसाळ्याच्या तोंडावरच राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं पुण्याजवळच्या तळावरून कोल्हापुरात येऊन थांबतात. तरी घरातला निर्णय पथक घेत नाही. एका घरात म्हातारबांनी मला सांगितलं की, जनावरांची सोय आधी सांगा, माणसं आपोआप येतील. त्यांचं म्हणणं मला पटलं. निवाऱ्याच्या शाळेजवळ जनावरांची छावणी आणि वैरण असेल तर नवव्या महिन्यातली सून वेळेत बाहेर पडते. पशुसंवर्धन आणि आरोग्य या दोन खात्यांच्या फायली वेगळ्या असतात. घरात हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी, एकाच ओसरीवर सोडवायचे असतात.

2018 च्या केरळच्या पुरातली एक चित्रफीत देशानं पाहिली. 17 ऑगस्टला अलुवाच्या परिसरात गर्भजल गेलेल्या एका बाईला नौदलाच्या हेलिकॉप्टरनं दोरावरून वर उचललं. कमांडर विजय वर्मा ते हेलिकॉप्टर चालवत होते. त्याच दिवशी कोचीत तिला मुलगा झाला. त्या वैमानिकांचं आणि दोराला लोंबकळत वर गेलेल्या त्या बाईचं धैर्य पाहून आजही अंगावर काटा येतो. पण अडीचशे जणींसाठी अडीचशे हेलिकॉप्टरं येत नाहीत. त्यातल्या बहुतेकींना आकाशातून उचलण्याची वेळ येऊ नये, म्हणून दोन दिवस आधी दारात एक साधी जीप यावी लागते.

पर्लकोटेच्या पलीकडे

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला पूर ही वेगळी घटना समजत नाहीत. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या इथं भेटतात. गडचिरोली शहर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास लांब. पर्लकोटेवरचा जुना ठेंगणा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जाणार हे इतकं ठरलेलं, की तालुक्याचा संपर्क तुटल्याची बातमी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत दर वर्षी येते. 2019 च्या पावसाळ्यात तर भामरागड गावातच पुन्हा पुन्हा पाणी शिरलं. गावाच्या पुढं, लाहेरी-बिनागुंड्याच्या बाजूला, नाले आहेत. पूल नाहीत, किंवा असले तरी बुडतात. माडिया गोंडांच्या पाड्यांवरून आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाईला खाटेवर घालून, खाटेची कावड करून, चिखलातून आणि नाल्यांतून आणतात.

अशा ठिकाणी पुराची वाट न बघता बाईलाच आधी आणून ठेवायचं, ही कल्पना ‘माहेरघर’ योजनेत आहे. आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात ही घरं उभी केली. प्रसूतीच्या तारखेच्या काही दिवस आधी बाईनं तिथं यायचं; बरोबर एक नातेवाईक, लहान मुलं असतील तर तीही. जेवणाची सोय, शेजारी सिस्टर आणि डॉक्टर. मजुरी बुडते म्हणून बाई येत नाही हे ओळखून बुडीत मजुरीचा विचारही सरकारी योजनांत आला.

योजना चांगली आहे. तिचं नशीब मात्र लहान गोष्टींवर ठरतं. चूल आहे का, की कुणीतरी शिजवलेलंच खायचं? भाताचा प्रकार ओळखीचा आहे का? सिस्टरला माडिया येते का? सोबतच्या म्हाताऱ्या बाईला रात्री शेकोटी पेटवू देतात का? रोवणीचे दिवस ऐन पावसात येतात. त्या वेळी घरातले दोन हात आठवडाभर काढून घेणं म्हणजे काय, हे शेतावर उभं राहिल्यावर कळतं. जिथं कर्मचाऱ्यांनी या प्रश्नांकडे लक्ष दिलं तिथल्या खोल्यांत बायका दिसतात. इतर ठिकाणी गाद्या गुंडाळून ठेवलेल्या असतात आणि दाराला कुलूप असतं.

भामरागडच्या अलीकडे, नदीच्या या बाजूला, हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प. बाबा आमटे यांनी 1973 मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाचा दवाखाना डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वीज आणि रस्ता नसताना चालवला. झाडाखाली रुग्ण तपासण्यापासून सुरुवात झालेल्या या दवाखान्यामुळं आपत्ती हीच जिथं रोजची परिस्थिती आहे तिथं वैद्यक कसं करायचं, याचा मोठा अनुभव आपल्याच राज्यात साठला.

ऊब

पोटातून बाहेर आलेलं बाळ ओलं असतं. अंगावरचं पाणी उडून जाताना शरीरातली उष्णता ओढून नेतं. कोरडं केलं नाही, झाकलं नाही, तर पहिल्या दहा-वीस मिनिटांतच त्याचं तापमान दोन ते चार अंशांनी उतरू शकतं. बाळाचं तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअसच्या मधे हवं. खाली गेलं की बाळ मलूल पडतं, ओढून पीत नाही. न प्यायल्यानं साखर उतरते, आणि त्यातून बाळ आणखी गार पडतं. पूर्ण दिवसांचं गुटगुटीत बाळ हे काही वेळ सोसतं. दीड-पावणेदोन किलोचं, दिवस न भरलेलं बाळ फार वेळ सोसत नाही. आणि ताण, भूक, ताप, धावपळ यांनी आणीबाणीत अवेळी कळा येण्याचा धोका वाढतो.

आता निवाऱ्याचं मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आणा. फरशीवर सतरंज्या, वर फिरणारे पंखे, सतत उघडणारं दार, ओल्या कपड्यांचा वास. माणसांना उकडतं म्हणून पंखे चालू आणि त्याच पंख्याखाली चार दिवसांचं बाळ. 2019 मध्ये राज्यभरातून कृष्णाकाठी कपड्यांचे ढीग आले. जुन्या साड्या, जीन्स, लग्नातले कोट. बाळंतिणीला काय लागतं? सुती धुतलेली फडकी, टोपडं, कुंची, दुपटं, कोरडी चादर, आईसाठी सॅनिटरी पॅड, दोन गाऊन आणि साबण. आपल्याकडे बाळंतविडा द्यायची रीत आहे. पूरग्रस्तांसाठी मदत गोळा करणाऱ्या मंडळांनी हाच विडा कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाठवला तर त्या एका पिशवीचा उपयोग ट्रकभर कपड्यांहून जास्त होईल.

ज्यांना रस्त्यात किंवा घरीच बाळंत व्हावं लागतं त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय संस्था जी पिशवी वाटतात ती याहून साधी: प्लास्टिकचा कागद, साबण, हातमोजे, निर्जंतुक ब्लेड, नाळ बांधायची फीत, पुसायला कापड, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं. आपल्या दाईंच्या प्रशिक्षणात वर्षानुवर्षं शिकवलेल्या पाच स्वच्छता याच: हात, जागा, ब्लेड, धागा, नाळ.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 मध्ये गडचिरोलीत आले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. नवजात बाळं घरात, अंधाऱ्या खोलीत मरतात, आणि दवाखाना त्यांच्यापर्यंत येत नाही, हे त्यांनी गावोगावच्या नोंदींतून पाहिलं. 1995 पासून 39 गावांत त्यांनी गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना तयार केलं. त्या ‘आरोग्यदूत’. बाळाचं वजन करायचं, तापमान बघायचं, उबदार पिशवीत गुंडाळायचं. श्वास मोजायचे, मिनिटाला साठ किंवा जास्त असतील तर सावध व्हायचं. आकड्यांची भीती वाटू नये म्हणून मण्यांचं साधन होतं. दर दहा श्वासांना एक मणी पुढे. रडत नसलेल्या बाळाला श्वास द्यायचा. जंतुसंसर्गाची चिन्हं दिसली, आई-बाप दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं. हे शेवटचं ऐकून त्या वेळी कित्येक डॉक्टर अस्वस्थ झाले होते. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांपेक्षा या गावांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. दोन वर्षांनी ‘कोवळी पानगळ’ या अहवालानं महाराष्ट्रातले बालमृत्यू विधिमंडळापर्यंत नेले. पुढं 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाला घरी जाऊन भेटण्याची शिफारस केली आणि 2011 पासून भारतभरच्या आशा त्या भेटी देऊ लागल्या.

मला यातली एक गोष्ट पुराच्या संदर्भात फार मोठी वाटते. पाणी भरतं तेव्हा बाहेरचं कुणी येऊ शकत नाही. जी गावात आहे तीच आहे. तिला काय येतं आणि तिच्या पिशवीत काय आहे, यावर त्या रात्रीचं बाळ जगणार.

आणि पिशवीतही काही नसेल, तर आईची छाती आहे. ‘काचेच्या पेटीत ठेवलंय’ असं आपण ज्याला म्हणतो ती पेटी विजेवर चालते. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 च्या सुमारास डॉ. एडगर रे सानाब्रिया यांच्यापुढे पेट्या कमी आणि बाळं जास्त अशी अडचण होती. एका पेटीत दोन-तीन बाळं, आणि त्यातून पसरणारे संसर्ग. त्यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल अशी, उभी बांधली. कांगारू मदर केअर ती हीच. पूर्वी बाळ आधी स्थिर करायचं आणि मग छातीशी द्यायचं, असा नियम होता. 2021 मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं, कमी वजनाची बाळं जन्मल्याबरोबर छातीशी दिली तर मृत्यू एक चतुर्थांशानं कमी होतात असं दिसलं. उपचार थांबवून नव्हे, उपचार चालू ठेवून. म्हणजे बाळाच्या विभागात आईचीही खाट. वीज गेलेल्या इमारतीत, बोटीत, जीपमध्ये, कुठंही हे करता येतं. आई शुद्धीत नसेल तर बाप करू शकतो, आजी करू शकते. अडचण असते ती आडोशाची. शंभर माणसांच्या हॉलमध्ये बाई ब्लाउजची बटणं कशी काढेल? चार बांबू आणि दोन साड्यांचा पडदा लावून एक कोपरा करून दिला तर ऊब आणि दूध दोन्हींची सोय होते. शिबिराच्या पहिल्या तासात करायचं हे काम आहे.

पावडरीचे डबे

धास्तीनं दूध आटतं, असं आपल्याकडे घराघरात म्हणतात. पुराच्या शिबिरात हे वाक्य दर दोन बायकांनंतर ऐकू येतं. त्यात थोडं खरं आहे. बाळ ओढू लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक पाझरतं आणि दूध उतरतं. भीती, थकवा, सतत लोकांच्या नजरा यांनी ते पाझरणं काही काळ अडतं. दूध तयार होणं थांबलेलं नसतं. बाईला बसायला जागा, पाणी, गरम जेवण आणि शेजारी धीर देणारं माणूस मिळालं, बाळ पुन्हा पुन्हा छातीला लावलं, की दूध येतं. पण त्या अडलेल्या काही तासांत बाळ रडतं, सासू घाबरते, आणि तेवढ्यात कुणीतरी प्रेमानं पावडरीचा डबा आणि बाटली पुढे करतं.

देणाऱ्याचा हेतू स्वच्छ असतो. पाणी स्वच्छ नसतं. बाटली उकळायला गॅस नसतो, डब्यातला चमचा हरवतो, पावडर पुरवून वापरायची म्हणून पातळ केली जाते. आणि बाळ बाटलीवर गेल्यामुळं आता दूध खरंच आटतं. शिबिर संपतं, डबे यायचे थांबतात, पुढचा डबा विकत घ्यायला पैसे नसतात. इंडोनेशियात योग्याकार्ताला मे 2006 मध्ये भूकंप झाला तेव्हा पावडरीचे फुकट डबे असेच वाटले गेले. नंतरच्या पाहणीत डबे मिळालेल्या लहान मुलांत सुमारे 25 टक्क्यांना जुलाब होते. न मिळालेल्यांत ते प्रमाण 12 टक्क्यांच्या आत होतं. आपल्याकडे 1992 चा कायदा आहे. बाळाची दुधाची पावडर आणि दूध पाजायच्या बाटल्या यांचं दान किंवा वाटप तो अनाथालयं वगळता करू देत नाही. मदतीचे ट्रक भरणाऱ्या किती मंडळांना हे माहीत असतं?

ज्या बाळाची आई दगावली आहे, किंवा जे आधीपासून वरच्या दुधावर आहे, त्याला पावडर लागतेच. ती सिस्टरच्या हातून, त्या बाळापुरती, वाटी-चमच्यानं आणि उकळलेल्या पाण्यात द्यावी. बाकीच्यांसाठी आईला खाऊ घाला. एका निवाऱ्यात स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी बाळंतिणींसाठी वेगळी पेज आणि तूप-भात ठेवला होता. कुठल्या मार्गदर्शक पुस्तिकेतून नव्हे, आपल्या घरच्या समजुतीतून. हीच समजूत कधी आड येते, तेही सांगायला हवं. पहिला पिवळसर चीक पिळून टाकायचा, बाळाला आधी मध किंवा गुटी चाटवायची, हे अजून चालतं. पुराच्या पाण्यात उगाळलेली गुटी बाळाच्या पोटात गेली तर काय होईल? आशाताई यावर कुणाशी वाद घालत नाहीत. त्या आजीच्याच हातात बाळ देतात आणि छातीला लावायला सांगतात.

फ्रीजमधली कुपी

बाळ ओढताना जे ऑक्सिटोसिन पाझरतं तेच गर्भाशयही आवळतं आणि रक्त थांबवतं. तेच इंजेक्शनच्या कुपीत भरून प्रसूतीनंतर देतात. जगात बाळंतिणींच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण रक्तस्राव, आणि तो दोन-तीन तासांत जीव घेऊ शकतो. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात आधीच रक्त कमी. त्यांना थोडं गेलेलंही जड जातं.

ही कुपी 2 ते 8 अंशांत ठेवायची असते. 2019 मध्ये वीज उपकेंद्रं पाण्यात गेली, गावंच्या गावं अंधारात होती. आरोग्य उपकेंद्राच्या फ्रीजमधली लस आणि ऑक्सिटोसिन दोन्ही त्या अंधारात. बर्फाच्या पेट्या काही वेळ टिकतात, मग काय? मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना फ्रीज लागत नाही. घरी बाळंतपण होण्याची शक्यता आहे अशा भागांत सिस्टरमार्फत या गोळ्या देण्याच्या सूचना केंद्र सरकारनं बऱ्याच वर्षांपूर्वी काढल्या आहेत: 600 मायक्रोग्रॅम, बाळ बाहेर आल्यानंतर, आणि पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करूनच. जुळ्यांपैकी एक आत असताना गोळी गेली तर अनर्थ होतो. म्हणून गोळीबरोबर शिकवण पोचावी लागते, आणि तीही पावसाआधी. झटके येणाऱ्या बाईसाठी मॅग्नेशियम सल्फेटचं तसंच. औषध साधं, पण ते द्यायला धीट झालेला हात हवा. असा हात प्रशिक्षणाच्या एका दिवसात तयार होत नाही.

पाणी उतरल्यावर

वार्ताहर, मंत्री, ट्रक पाण्याबरोबर येतात आणि पाण्याबरोबर जातात. बाळाला सगळ्यात जास्त धोका मात्र पहिल्या अठ्ठावीस दिवसांचा. त्यातले बरेच दिवस पाणी ओसरलेल्या घरात जातात. भिंती आतून ओल्या असतात, अंथरुणं कुजलेली, लाकडं भिजलेली. शेक द्यायला, पाणी तापवायला विस्तव नाही. विहिरीत गाळ, नळाला गढूळ पाणी, गल्लीत ब्लीचिंग पावडर आणि फवारणीचा वास. गुडघाभर चिखल उपसायला घरातले सगळे हात लागतात आणि दहा दिवसांची बाळंतीणही खराटा घेते. एरवी तिला चाळीस दिवस जपणाऱ्या घरातच हे होतं. कुणी दुष्ट असतं म्हणून नाही, पर्याय नसतो म्हणून. टाके उसवतात, अंगावरून जाणं वाढतं, ताप येतो, आणि ताप पुराचा आहे असं समजून गोळी घेतली जाते.

दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर आशानं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. पुरानंतर घरच जागेवर नसतं. बाई निवाऱ्यातून मावशीकडे, तिथून माहेरी, तिथून परत. बाळाचं वजन वाढतंय का, नाभीतून पू येतोय का, छाती आत ओढली जातेय का, हे बघायला आशाताई या गावातून त्या गावात फोन लावत राहतात. त्या सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये. आणि त्यांचं स्वतःचं घर त्याच नदीकाठी, त्याच चिखलात असतं. पूरभत्ता, कोरडी पिशवी, रेनकोट, बूट, चार्ज केलेली पॉवर बँक आणि जीवरक्षक जॅकेट यांतलं काय काय मिळतं, असं मी विचारलं. रेनकोट त्यांनी स्वतः घेतला होता.

दर वर्षी मे महिन्यात मान्सूनपूर्व बैठक होते. बोटी किती, जॅकेटं किती, वैरण किती, सर्पदंशावरचं प्रतिविष किती, याचा तालुकावार आढावा घेतला जातो. ऑगस्टमध्ये जिचे दिवस भरायचे आहेत ती बाई मे महिन्यात सहाव्या महिन्यात असते. तिचं नाव, घर, रक्ताचं प्रमाण, आधीचं सिझर, सगळं रजिस्टरात चढलेलं असतं. 1 जुलै ते 15 सप्टेंबर या काळात तारीख असलेल्या नदीकाठच्या प्रत्येक बाईचं नाव त्या बैठकीत बोटींच्या आकड्याशेजारी वाचलं जावं, माहेरी आलेल्यांची पेन्सिलीतली नावं धरून; आणि प्रत्येकीपुढं ती कुठल्या गावी, कुणाच्या घरी, कुठल्या गाडीनं जाणार हे त्याच दिवशी लिहिलं जावं.